बिझनेस अ‍ॅनालिस्टना रिपोर्टिंगसाठी डेटा मॉडेल बांधायला शिकवायचंय, सुरुवात कुठून करू?

रांगेतली (धागाकर्ती)

आमची रिपोर्टिंगची टीम छोटी आणि तिच्यापुढची मागण्यांची रांग कधीच न संपणारी. वरिष्ठांनी त्यावर तोडगा काढलाय, की बिझनेस अ‍ॅनालिस्ट मंडळींनी आपापल्या विभागाची मॉडेल्स (म्हणजे रिपोर्टमागची टेबलं आणि त्यांची एकमेकांशी नाती) स्वतःच बांधावीत आणि आम्ही फक्त तपासून द्यावीत. त्यांना शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

मंडळी हुशार आहेत. आपापली प्रक्रिया तोंडपाठ, एक्सेलमध्ये व्हीलुकअप आणि पिव्होट डोळे मिटून करतात, एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) वाचून अंदाज बांधू शकतात. पण मॉडेल म्हटलं की दोनपैकी एक काहीतरी होतं. एक तर सगळे कॉलम एकाच लांबलचक टेबलात कोंबले जातात. नाहीतर मूळ सिस्टिममधली टेबलं आहेत तशी उचलून आणतात आणि त्यांच्यात रेघा मारत सुटतात. तीस-चाळीस टेबलांचं जाळं तयार होतं आणि मग एखादा आकडा का चुकला ते ज्याने बांधलं त्यालाही सांगता येत नाही.

तयार कोर्स चाळले. बरेचसे 'हे बटण दाबा, हा चार्ट ओढा' छापाचे. दुसऱ्या टोकाला डेटा वेअरहाउसचे, ते इंजिनिअर लोकांसाठी. मधलं काही हाती लागलं नाही. तेव्हा ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा: आधी संकल्पना की आधी टूल? एसक्यूएल किती शिकवू? आणि यांना आता जमतंय हे ओळखायचं कसं?

जुना_खांब

टूल काही दिवस उघडूच नका. पहिले वर्ग कागदावर घ्या आणि प्रत्येक टेबल समोर ठेवून एकच प्रश्न विचारा: यातली एक ओळ म्हणजे काय?

यालाच ग्रेन म्हणतात. 'एक ओळ म्हणजे एक ऑर्डर' आणि 'एक ओळ म्हणजे ऑर्डरमधली एक वस्तू' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नवख्या माणसाला विचारलं तर तो म्हणतो, 'ही विक्रीची माहिती आहे.' हे उत्तर धरायचं नाही. वाक्य असं पाहिजे की त्यावरून ओळींची संख्या आधीच सांगता यावी: महिन्याला साधारण इतक्या ऑर्डर, एका ऑर्डरमध्ये सरासरी इतक्या वस्तू, म्हणजे इतक्या ओळी. मग मोजून बघायचं. जुळलं नाही तर एक तर वाक्य चुकलंय किंवा डेटात काहीतरी गडबड आहे, आणि यातलं काय ते शोधताना माणूस जे शिकतो ते कुठल्याही स्लाइडवरून शिकत नाही.

राल्फ किंबॉल यांनी १९९० च्या दशकात रूढ केलेल्या डायमेन्शनल मॉडेलिंगच्या चार पायऱ्या आहेत. आधी प्रक्रिया निवडायची, मग ग्रेन ठरवायचा, मग डायमेन्शन्स, म्हणजे आकडे कशानुसार फोडायचे (तारीख, ग्राहक, वस्तू), आणि सगळ्यात शेवटी मोजायचे आकडे म्हणजे फॅक्ट्स. बहुतेक लोक उलट्या टोकाने चढतात. 'मला नफा हवाय' इथून निघतात आणि ग्रेनपर्यंत पोचतच नाहीत. पहिली पायरी मात्र अ‍ॅनालिस्टच्या हातचा मळ आहे, तिथे ते तुमच्या इंजिनिअरपेक्षा सरस ठरतील.

तिरकस

मी मुळावरच घाव घालतो. रांग कमी करायला अ‍ॅनालिस्टना मॉडेल बांधायला लावणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. आज रिपोर्ट चुकला तर एका जागी चुकतो. उद्या प्रत्येक विभागाचं स्वतःचं मॉडेल, प्रत्येकाची 'सक्रिय ग्राहका'ची आपली व्याख्या, आणि बैठकीत एकाच प्रश्नाला तीन आकडे. अर्धा तास 'कुणाचा आकडा खरा' यात जाणार. अ‍ॅनालिस्टने गरज नीट लिहून द्यावी, मॉडेल ज्याचं काम त्याने करावं. ज्याचं त्याला साजे.

सारणी

तिरकसराव, भीती रास्त आहे, पण 'गरज नीट लिहून द्यावी' इथेच तर घोडं पेंड खातं. गरजेच्या कागदावर लिहिलेलं असतं 'ग्राहकनिहाय मासिक विक्री'. आता जानेवारीत विकलेला माल फेब्रुवारीत परत आला. तो कुठल्या महिन्यातून वजा करायचा? विक्रीच्या की परतीच्या? कागद गप्प. इंजिनिअर त्याला सोयीचं ते निवडतो, कुणाला विचारतही नाही, आणि दोन तिमाह्यांनी हिशेब खात्याशी आकडा जुळत नाही म्हणून बोंब होते. मॉडेल बांधायला बसलं की हा प्रश्न टाळताच येत नाही, कारण परतीच्या ओळीत तारखेचा कॉलम समोर येतो आणि त्यात काय भरायचं ते ठरवावंच लागतं. हा निर्णय व्यवसायाचा आहे. तो अ‍ॅनालिस्टनेच घ्यायला हवा.

तीन आकड्यांच्या गोंधळावर उपाय वेगळा आहे. तारीख, ग्राहक, वस्तू, विभाग ही सामाईक डायमेन्शन्स मध्यवर्ती टीमने बांधायची आणि सगळ्यांनी तीच वापरायची. स्वतःची 'ग्राहक' टेबल बनवायला बंदी. अ‍ॅनालिस्टने आपल्या प्रक्रियेची फॅक्ट टेबल (मोजायच्या आकड्यांची) आणि त्यावरची मापं (बेरीज, सरासरी अशी सूत्रं) बांधायची. काम वाटून दिलं तर तुम्ही म्हणता ती भीती निम्म्याहून कमी होते.

रांगेतली, यासाठी बस मॅट्रिक्स नावाचा साधा तक्ता शिकवा. उभ्या बाजूला प्रक्रिया: ऑर्डर, पाठवणी, बिल, वसुली, परती, तक्रार. आडव्या बाजूला डायमेन्शन्स. जिथे संबंध आहे तिथे फुली. हा तक्ता काढायला ना एसक्यूएल लागतं ना टूल, आणि विभागाबाहेर न पाहणाऱ्या माणसालाही कळतं की 'ग्राहक' हा कॉलम फक्त आपला नाही. माझ्या मते पहिल्या आठवड्याचं काम एवढंच असावं.

रात्रपाळी

चर्चा छान चाललीय पण वर्गात उदाहरण लागतं. मी हे देतो. संख्या मुद्दाम लहान आहेत, फळ्यावर हाताने होतं.

ऑर्डर क्रमांक १०१. तिच्यात तीन वस्तू: ५००, ३०० आणि २००. एकूण १०००. ग्राहकाने पैसे दोन हप्त्यांत दिले: ६०० आणि ४००. तेही १०००. हिशेब चोख.

आता वर्गाला सांगायचं, 'ऑर्डरच्या वस्तू आणि वसुली एकाच टेबलात हव्यात, ऑर्डर क्रमांकावर जोडा.' क्वेरी चालवायच्या आधी प्रत्येकाने किती ओळी येतील ते लिहायचं. कुणी तीन लिहितो, कुणी पाच. येतात सहा. प्रत्येक वस्तू दोन्ही हप्त्यांशी जुळते, त्यामुळे वस्तूंची बेरीज २००० होते. प्रत्येक हप्ता तिन्ही वस्तूंशी जुळतो, त्यामुळे वसुली ३००० दिसते. क्वेरीत चूक नाही, एरर नाही, टूल खूश. फक्त दोन्ही आकडे खोटे.

खरी मजा पुढे आहे. दुप्पट आकडा दिसला की वर्गातला हुशार मुलगा म्हणतो, 'डिस्टिंक्ट लावू.' लावू द्या. या ऑर्डरला तो १००० दाखवेल आणि वर्ग टाळ्या पिटेल. मग दुसरी ऑर्डर द्या, जिच्यात दोन वस्तू प्रत्येकी ३०० च्या आहेत. रकमांच्या बेरजेवर डिस्टिंक्ट लावलं की सारखे आकडे एकदाच मोजले जातात, आणि ६०० ऐवजी ३०० येतात. आधी जास्त दाखवत होता, आता कमी.

इथपर्यंत आले की मगच सांगायचं: वस्तूंचा ग्रेन वेगळा, वसुलीचा वेगळा. दोन स्वतंत्र फॅक्ट टेबलं ठेवा, एकमेकींना थेट जोडू नका, दोघींना तारीख आणि ग्राहक या सामाईक डायमेन्शन्सशी जोडा. दोन्ही बेरजा आपापल्या जागी होतात आणि रिपोर्टमध्ये शेजारी येतात. हे नियम म्हणून आधी सांगितलं असतं तर मान डोलावून विसरले असते.

अर्धविराम

रात्रपाळी, तुमचं उदाहरण वाचनखूण म्हणून साठवलं.

पण एका लांबलचक टेबलाला सगळे एवढं का झोडपताय? आजची इंजिनं डेटा कॉलमनिहाय दाबून साठवतात. ग्राहकाचं नाव लाख ओळींत पुन्हा पुन्हा आलं तरी जागा फारशी खात नाही. जोडण्याच नसल्या की रात्रपाळींचा सहा ओळींचा घोळ होणार कुठून? अ‍ॅनालिस्टला एक सपाट टेबल समजतं, एक्सेलमुळे तीच सवय आहे. जे समजतं त्यावर काम करू द्या की.

जुना_खांब

एका प्रक्रियेपुरतं तुमचं म्हणणं मान्य. एकच फॅक्ट आणि ती बदलणार नाही अशी खात्री असेल तर सपाट टेबल चालतं, भांडण नाही.

गाडी अडते दुसरी प्रक्रिया आली की. विक्रीच्या शेजारी उद्दिष्ट दाखवायचंय. विक्री रोजची, वस्तूनिहाय. उद्दिष्ट महिन्याचं, विभागनिहाय. सपाट टेबलात उद्दिष्टाचा आकडा त्या महिन्याच्या प्रत्येक विक्रीच्या ओळीवर छापावा लागतो आणि कुणीतरी त्याची बेरीज करतोच. दुसरं म्हणजे, ज्या विभागात महिनाभर एकही विक्री झाली नाही त्याची ओळच नसते. त्यामुळे शून्य विक्रीचा विभाग रिपोर्टमधून गायब होतो, आणि साहेबांना नेमका तोच बघायचा असतो. घडलेलं तेवढंच सपाट टेबलात दिसतं. न घडलेलं दाखवायला वेगळी डायमेन्शन लागते.

उलट्या टोकाच्या, जाळं विणणाऱ्या मंडळींबद्दलही बोलायला हवं. त्यांची चूक अडाणीपणातून येत नाही, चांगल्या शिक्षणातून येते. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल मांडलं, पीटर चेन यांनी १९७६ मध्ये एंटिटी-रिलेशनशिप आकृत्या आणल्या, आणि अ‍ॅनालिस्टच्या अभ्यासक्रमात तेच असतं: एक गोष्ट एकाच जागी ठेवा, पुनरुक्ती टाळा. व्यवहार नोंदवणाऱ्या सिस्टिमला हे उत्तम, कारण पत्ता बदलला तर एकाच जागी बदलावा लागतो. रिपोर्टिंगमध्ये नोंद बदलायची नसते, वाचायची असते. तिथे वस्तू, उपगट, गट अशी तीन टेबलं साखळीने ठेवण्यापेक्षा तिन्ही एकाच वस्तू-डायमेन्शनमध्ये सपाट केलेली बरी. म्हणजे अर्धविराम, सपाट करायचंच, पण डायमेन्शनच्या आत. फॅक्ट टेबलाबाबत नाही.

अर्धविराम

उद्दिष्टाचा मुद्दा पटला. शून्य विक्रीच्या विभागाचा तर डोक्यातच नव्हता.

रांगेतली

सगळ्यांचे आभार. एसक्यूएलबद्दल मात्र कुणी बोललं नाही. माझा सहकारी म्हणतो की विंडो फंक्शन्सपर्यंत (ओळी तशाच ठेवून चालती बेरीज, क्रमवारी काढणारी फंक्शन्स) शिकवल्याशिवाय पुढे जाऊ नये. मला ते जास्त वाटतंय. आणखी एक, आमच्याकडे रिपोर्टचं टूल मायक्रोसॉफ्टचं पॉवर बीआय आहे.

सारणी

विंडो फंक्शन्स नंतर शिकवा. सुरुवातीला ग्रुप बाय (ओळींचे गट पाडणं), जॉइन्सचे (टेबलं जोडण्याचे) प्रकार आणि मोजणी एवढं पक्कं असलं की पुरे. एक क्वेरी मात्र झोपेतही लिहिता आली पाहिजे: ज्या कॉलमला आपण 'की' (प्रत्येक ओळीची एकमेव ओळख) मानतोय त्यावर ग्रुप बाय करा आणि ज्यांची मोजणी एकापेक्षा जास्त आहे ते दाखवा. उत्तरात एकही ओळ आली तर तो कॉलम 'की' नव्हे. डायमेन्शन जोडण्याआधी दर वेळी ही क्वेरी, अपवाद नाही.

दुसरी सवय, अनाथ ओळी शोधायची. फॅक्टमध्ये ग्राहक क्रमांक आहे, पण ग्राहक-डायमेन्शनमध्ये तो नाही. एसक्यूएलमध्ये इनर जॉइन (दोन्हीकडे जुळणाऱ्या ओळीच ठेवणारी जोडणी) केलं तर त्या ओळी गुपचूप गळतात आणि एकूण कमी येतं. पॉवर बीआयच्या नेहमीच्या एक-ते-अनेक नात्यात त्या गळत नाहीत, पण स्लाइसरमध्ये (रिपोर्टवरच्या निवडीच्या यादीत) आणि चार्टमध्ये 'ब्लँक' नावाचं एक ध्यान उगवतं. मंडळी ते फिल्टर लावून लपवतात! ब्लँक दिसला की तो लपवायचा नसतो, त्याच्या मागे जायचं असतं, हे वर्गात दोनदा सांगा.

पडताळा

पॉवर बीआय असेल तर दोन सापळे पहिल्या दिवसापासून दाखवा.

पहिला, दोन्ही दिशांचा फिल्टर. नात्याच्या रेघेवर डबल क्लिक करून दिशा 'बोथ' केली की अडलेला रिपोर्ट चालायला लागतो, त्यामुळे ते रामबाण औषध वाटतं. फिल्टर साधारणपणे डायमेन्शनकडून फॅक्टकडे वाहायला हवा. दोन फॅक्ट असलेल्या मॉडेलमध्ये दोन्ही दिशा उघडल्या की एका टेबलापासून दुसऱ्यापर्यंत जायला एकाहून जास्त वाटा होतात. कधी टूल नातं जोडायलाच नकार देतं. कधी चालतं, पण कुठल्या वाटेने गेलं ते समजायला तुम्हालाच बसावं लागतं. मी तर नियमच करेन: 'बोथ' ठेवायचं असेल तर शेजारी कारण लिहायचं.

दुसरा, तारखा. ऑर्डरला तीन तारखा असतात: नोंदवल्याची, पाठवल्याची, पोचल्याची. तारखेच्या एका टेबलाशी तिन्ही जोडता येतात, पण दोन टेबलांमध्ये एका वेळी एकच नातं सक्रिय राहतं, बाकीची तुटक रेघेने दिसतात आणि मापात युजरिलेशनशिप हे फंक्शन वापरून जागी करावी लागतात. म्हणजे 'या महिन्याची विक्री' म्हणताना कुठल्या तारखेनुसार, हा पुन्हा व्यवसायाचाच प्रश्न. आणि टूल आपोआप बनवतं ती लपलेली तारीख टेबलं बंद करून स्वतंत्र तारीख टेबल वापरायला लावा. प्रत्येक तारीख कॉलमसाठी एक लपलेलं टेबल तयार होतं, फाइल फुगते ती निराळी, आणि दोन फॅक्ट एकाच महिन्याने फिल्टर करता येत नाहीत.

शिकाऊ_उमेदवार

मी अ‍ॅनालिस्ट आहे, असंच प्रशिक्षण घेतलेलं. शिकणाऱ्याच्या बाजूने थोडं बोलते.

स्टार स्कीमा (मध्ये फॅक्ट टेबल, भोवती डायमेन्शन्स), फॅक्ट, डायमेन्शन हे शब्द पहिल्याच तासाला अंगावर आले तेव्हा वर्गातले निम्मे लोक मनाने उठून गेले होते. पुढे एका सरांनी वेगळं केलं. आमच्याच विभागाचा एक जुना रिपोर्ट पडद्यावर टाकला आणि म्हणाले, 'यात संख्या कुठल्या, आणि त्या कशानुसार फोडल्यात?' संख्या म्हणजे फॅक्ट, 'नुसार'च्या मागचं सगळं डायमेन्शन. महिन्यानुसार, विभागानुसार, वस्तूच्या गटानुसार. पाच मिनिटांत वर्ग परत आला.

आणि सरावाचा डेटा आमचाच द्या हो. कोर्समधल्या सायकलींच्या दुकानाचा डेटा इतका स्वच्छ असतो की त्यात अडचणच येत नाही. आमच्या डेटात एकाच ग्राहकाचे तीन क्रमांक आहेत, रद्द झालेल्या ऑर्डर वेगळ्या स्टेटसने पडून आहेत, चाचणीसाठी केलेल्या नोंदी कुणी काढलेल्या नाहीत. हे खड्डे कुठे आहेत ते आम्हाला माहीत असतं, शिकवणाऱ्याला नसतं. तिथे आम्ही बोलायला लागतो.

तिरकस

मुद्दाम पुन्हा येतोय. समजा हे सगळं शिकवलं. 'शिकले' हे कसं ठरवणार, हा धागाकर्तीचा प्रश्न तसाच राहिलाय. परीक्षेत स्टार स्कीमाची व्याख्या लिहिणं कुणालाही जमतं.

पडताळा

तिरकसरावांनी बरोबर बोट ठेवलंय. माझी पद्धत सांगतो. नवीन मॉडेल बांधायला लावून मी कधीच परीक्षा घेत नाही, कारण नमुन्यावरून नक्कल करता येते. मी बिघडवलेलं मॉडेल देतो. दिसायला नीट, रिपोर्ट चालतोय, आकडे ऐटीत. आत तीन-चार खोड्या केलेल्या. 'कुठला आकडा चुकतोय आणि का' एवढाच प्रश्न.

खोड्या कसल्या? एक म्हणजे साठ्याची बेरीज. महिनाअखेरचा साठा ४०, ५५, ३५. तिमाहीला टूल १३० दाखवतं. गोदामात १३० नग कधीच नव्हते. साठा, खात्यातली शिल्लक, कर्मचाऱ्यांची संख्या या गोष्टी विभागांमध्ये बेरजेला चालतात, काळात चालत नाहीत. तिमाहीअखेरचा ३५ घ्या किंवा सरासरी घ्या, पण जे घ्याल ते मापाच्या नावात लिहा.

दुसरी, सरासरीची सरासरी. एका शाखेत १० ऑर्डर, सरासरी २००. दुसऱ्या शाखेत ९० ऑर्डर, सरासरी १००. एकूण सरासरी? टेबलात सरासरी साठवलेली असेल तर १५० येते. खरी आहे ११०, कारण एकूण रक्कम ११,००० आणि ऑर्डर १००. म्हणून गुणोत्तरं आणि टक्के टेबलात साठवायचे नाहीत. अंश आणि छेद साठवा, भागाकार मापात करा. हे ज्याला विचारल्याशिवाय सापडलं तो पास, माझ्यापुरता.

तिसरी खोडी इतिहासाची, तिच्यावर बरेच जण गडगडतात. एक विक्री प्रतिनिधी एप्रिलमध्ये उत्तर विभागातून पूर्व विभागात गेला. डायमेन्शनमध्ये विभाग पुसून नवा लिहिला, म्हणजे टाइप १. आता मागच्या वर्षीची त्याची सगळी विक्री पूर्वेच्या नावावर गेली, आणि उत्तर विभागाचा आधी छापलेला वार्षिक आकडा आज पुन्हा काढला तर कमी येतो. टाइप २ मध्ये त्या प्रतिनिधीच्या दोन ओळी ठेवायच्या, कधीपासून कधीपर्यंत अशा तारखांसह, आणि प्रत्येक ओळीला वेगळी सरोगेट की (मॉडेलने स्वतः दिलेला क्रमांक). विक्रीची ओळ तेव्हाच्या ओळीला चिकटून राहते. पण सगळीकडे टाइप २ लावा असंही नाही. ग्राहकाच्या नावातली टायपिंगची चूक सुधारली तर तिचा इतिहास कशाला जपायचा? कुठल्या कॉलमला काय, हे अ‍ॅनालिस्टने कारणासकट सांगता आलं पाहिजे. तोंडी परीक्षेत मी हेच विचारतो.

आणि शेवटी मिळवणी. मॉडेलमधलं एकूण मूळ सिस्टिमच्या एकूणाशी, एखाद्या बंद झालेल्या महिन्यासाठी, जुळवून दाखवा. फरक असेल तर तो कुठल्या ओळींमुळे आहे ते दाखवा. 'थोडासा फरक आहे' हे उत्तर मी घेत नाही. फरक लहान असला की तो बहुधा दोन मोठ्या चुकांनी एकमेकींना झाकल्यामुळे असतो असं म्हणायला मला आवडतं. नेहमीच खरं नसतं, पण त्या धाकाने लोक शोधतात.

तिरकस

बिघडवलेलं मॉडेल ही कल्पना आवडली. विरोध अर्धा मागे घेतो. उरलेला अर्धा असा, की तपासायला माणूस द्या. प्रशिक्षण संपलं की सगळे पांगतात आणि मॉडेल्स बेवारस राहतात. प्रत्येक मॉडेलला एक मालक, ग्रेनचं वाक्य मॉडेलच्या वर्णनातच लिहिलेलं, आणि प्रकाशित करण्याआधी दुसऱ्या विभागाच्या अ‍ॅनालिस्टने तपासलेलं. मध्यवर्ती टीमने नव्हे हं. नाहीतर आज रिपोर्टची रांग आहे, उद्या तपासणीची लागेल.

रात्रपाळी

+१. दुसऱ्या विभागाच्या माणसाला आतले संदर्भ माहीत नसतात, त्यामुळे तो बाळबोध प्रश्न विचारतो, आणि बाळबोध प्रश्नांनाच मॉडेल फुटतं.

रांगेतली

आराखडा जुळवतेय. आधी बस मॅट्रिक्स आणि ग्रेनची वाक्यं कागदावर. मग रात्रपाळींची १०१ नंबरची ऑर्डर, आधी हाताने, मग एसक्यूएलमध्ये. टूल त्यानंतर, आणि तेही त्यांच्याच विभागाच्या डेटावर. सामाईक डायमेन्शन्स आमची टीम आधी तयार करून ठेवेल. शेवटी पडताळांचं बिघडवलेलं मॉडेल. विंडो फंक्शन्स ज्यांना हवी त्यांना वेगळी, सहकाऱ्याची समजूत घालते.

एक अडचण मात्र आताच विचारून ठेवते, कारण पहिल्याच वर्गात ती येणार. आमच्याकडे एका ऑर्डरवर दोन प्रतिनिधी असू शकतात आणि दोघांनाही श्रेय हवं असतं. प्रतिनिधीचे दोन कॉलम केले तर 'प्रतिनिधीनिहाय विक्री' एका कॉलमवरून काढता येत नाही. ऑर्डरच्या दोन ओळी केल्या तर रात्रपाळी मला मारतील.

रात्रपाळी

मारणार नाही, पण दोन ओळी करू नका. :)

मध्ये ब्रिज टेबल ठेवा. तिच्यातली एक ओळ म्हणजे एका ऑर्डरवरचा एक प्रतिनिधी, आणि सोबत वाट्याचा कॉलम: ०.६ आणि ०.४, किंवा निम्मं-निम्मं. एका ऑर्डरच्या वाट्यांची बेरीज १ आलीच पाहिजे, ही तपासणी रोजच्या रिफ्रेशमध्ये टाका. प्रतिनिधीनिहाय विक्री काढताना रक्कम गुणिले वाटा करायचं, म्हणजे सगळ्यांची बेरीज कंपनीच्या एकूणाशी जुळते.

सारणी

आणि दोन मापं करा, नावं सरळ वेगळी ठेवून: 'वाट्याप्रमाणे विक्री' आणि 'सहभाग असलेली विक्री'. दुसऱ्यात पूर्ण रक्कम दोघांच्याही नावावर दिसते, तिची उभी बेरीज एकूणापेक्षा जास्त येते आणि ती तशी येणं बरोबरच आहे. पॉवर बीआयमध्ये त्या मापाच्या एकूण ओळीवर ऑर्डर एकदाच मोजली जाईल, म्हणजे वरच्या ओळींची बेरीज आणि खालचं एकूण जुळणार नाही. कुणीतरी हमखास 'बेरीज चुकलीय' म्हणून तक्रार नोंदवेल, तेव्हा मापाच्या वर्णनात आधीच लिहून ठेवा.

वाटा किती हे कोण ठरवतं तुमच्याकडे? कुठल्या सिस्टिममध्ये नोंद होते का, की विभागप्रमुखाच्या डोक्यात असतं?

रांगेतली

डोक्यात. महिनाअखेरीला ईमेल येतो.

सारणी

मग वर्गाच्या आधी ते एका टेबलात उतरवून घ्या, ऑर्डर क्रमांक, प्रतिनिधी, वाटा आणि कधी ठरलं ती तारीख. तारीख विसरू नका, कारण वाटे मागाहून बदलतात.